हवेचा दाब आणि मालकांचा न्याय
अमेरिकन फुटबॉलमधील एका ‘फसवणुकी’ची कहाणी

18 जानेवारी 2015 च्या रात्री अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स राज्यात, फॉक्सबरो येथे, न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स या दोन धंदेवाईक संघांचा सामना झाला. पेट्रियट्सने तो 45 विरुद्ध 7 असा जिंकला. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोलकात्यात वा गोव्यात खेळला जातो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि एकमेकांच्या अंगावर धडकण्याचा तो अमेरिकन खेळ. त्याच रात्री इंडियानापोलिसमधील एका पत्रकाराने बातमी सोडली की, विजयी संघाने चेंडूंतली हवा कमी केल्याच्या संशयावरून नॅशनल फुटबॉल लीग चौकशी करीत आहे. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ अमेरिकेतील वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, न्यायालये आणि दारूचे गुत्ते यांत या हवेचीच चर्चा चालू राहिली.

कोट्यधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांच्या भांडणाशी कामगारवर्गाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आरोपी होता टॉम ब्रेडी. तो पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू. त्याच्या गरिबीचे अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु मालकाने नेमलेला माणूसच फिर्यादी, तोच तपास अधिकारी नेमणारा, तोच शिक्षा देणारा आणि शिक्षेवरचे अपील ऐकणाराही तोच, हा प्रकार ज्याने आपल्या कारखान्यात पाहिला आहे, त्याला फॉक्सबरोची कहाणी परकी वाटणार नाही.

बातमी कशी सोडली गेली

लीगच्या नियमानुसार चेंडूतील दाब दर चौरस इंचाला 12.5 ते 13.5 पौंड असावा लागतो. कोल्ट्सच्या व्यवस्थापनाने सामन्याच्या आदल्या दिवशीच लीगकडे संशय कळवला होता. म्हणजे मुख्य पंचाला पूर्वसूचना होती. तरीही सामन्यापूर्वी मोजलेला दाब कागदावर लिहून ठेवण्यात आला नाही. मध्यंतरात पेट्रियट्सचे 11 चेंडू दोन वेगवेगळ्या मापकांनी मोजले गेले. कोल्ट्सचे मात्र चारच चेंडू मोजून झाले, कारण वेळ संपली. असा हा पुरावा.

20 जानेवारीला ईएसपीएन या क्रीडावाहिनीचे नामवंत पत्रकार ख्रिस मॉर्टेन्सन यांनी लीगमधील सूत्रांच्या हवाल्याने सांगितले की, 12 पैकी 11 चेंडूंत दोन-दोन पौंड हवा कमी होती. बातमीने देश हादरला. दोन पौंडांची घट, आणि तीही अकरा चेंडूंत, योगायोगाने होत नाही. ती कोणीतरी केलेली असली पाहिजे, असे शहाण्यासुरत्या माणसासही वाटणे स्वाभाविक होते. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच निकाल लागला.

आणि तो आकडा खोटा होता. 6 मे 2015 रोजी चौकशीचा 243 पानांचा अहवाल बाहेर आला, त्यात खरी मापे छापलेली आहेत. अकरा चेंडू आणि दोन मापके, म्हणजे बावीस नोंदी. त्यांपैकी किमान मर्यादेपेक्षा पूर्ण दोन पौंड खाली गेलेली नोंद एकच, 10.50 ची, आणि त्याच चेंडूवर दुसऱ्या मापकाने 10.90 दाखवले. शिवाय ज्या मापकाने आकडे कमी दाखवले, त्याच मापकाने कोल्ट्सच्या चारपैकी तीन चेंडूही मर्यादेखाली दाखवले होते! परंतु लीगच्या एका अधिकाऱ्याने 19 जानेवारीला पेट्रियट्सला जे अधिकृत पत्र पाठवले, त्यात एका चेंडूचा दाब 10.1 असल्याचे आणि कोल्ट्सचे तपासलेले सर्व चेंडू नियमात बसल्याचे लिहिले होते. दोन्ही विधाने लीगच्याच दप्तरातील नोंदींशी विसंगत होती.

येथे बातमी फुटली हा गुन्हा नव्हे. मालकांची गुपिते फोडणारी बातमी कामगार चळवळीला नेहमीच उपयोगी पडली आहे. ही बातमी मात्र फुटली नव्हती, ती फोडण्यात आली होती. आणि वरून खाली फोडण्यात आली होती. खरे आकडे ज्यांच्या कपाटात होते, त्यांनी चुकीचे आकडे देशभर फिरू दिले. पेट्रियट्सच्या वकिलांनी फेब्रुवारीत लीगच्या मुख्य विधी अधिकाऱ्याला, जेफ पॅश यांना, पत्रांमागून पत्रे लिहून हा खोटा आकडा दुरुस्त करण्याची मागणी केली. ती फेटाळण्यात आली. गळती रोखण्याचा दावा करणाऱ्या लीगला एक ओळीचा खुलासा काढणे शंभर दिवसांत जमले नाही. ईएसपीएनने आपल्या बातमीतला मजकूर सौम्य केला तो ऑगस्टमध्ये, शिक्षा होऊन गेल्यावर.

फेब्रुवारीत दुसरा नमुना पाहावयास मिळाला. त्याच वाहिनीने बातमी दिली की, पेट्रियट्सच्या एका कर्मचाऱ्याने सामन्यात खूण नसलेला चेंडू पंचांच्या हाती सरकवण्याचा प्रयत्न केला. पाठोपाठ त्याच वाहिनीच्या दुसऱ्या पत्रकाराने सांगितले की, तो चेंडू त्या कर्मचाऱ्याला लीगच्याच माणसाने दिला होता, आणि त्या माणसाला लीगने नोकरीवरून काढले आहे. पहिली बातमी जितक्या घरांत पोहोचली, तितक्या घरांत दुसरी पोहोचली काय?

या वाहिनीचे आणि लीगचे नातेही ध्यानात घेतले पाहिजे. 2011 मध्ये झालेल्या करारानुसार 2014 ते 2021 या आठ वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी ईएसपीएनने लीगला सुमारे 1,520 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले होते. ज्याच्या धंद्यात एवढी रक्कम गुंतवली, त्याच्याविषयी निःपक्षपाती बातमीदारी करण्याचा हा दावा! ऑगस्ट 2025 मध्ये तर लीगने आपली वाहिनी देऊन त्या बदल्यात ईएसपीएनचा दहा टक्के हिस्सा घेण्याचा करारच जाहीर झाला. पूर्वी जे नाते पडद्याआड होते, ते आता भागभांडवलाच्या वहीत उतरले.

हा डाव काही पहिला नव्हता. 2007 मध्ये याच पेट्रियट्सने प्रतिस्पर्ध्याच्या खुणांचे चित्रण केल्याचे उघडकीस आले. तो गुन्हा खरा होता; प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, पहिल्या फेरीतील निवडही गेली. मात्र जप्त केलेल्या चित्रफिती लीगने घाईघाईने नष्ट करून टाकल्या. पुरावाच नाहीसा झाल्यावर अफवांना रान मोकळे झाले. फेब्रुवारी 2008 मध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी बोस्टन हेरल्डने छापले की, या संघाने 2002 च्या अंतिम सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचा सरावही चित्रित केला होता. मे महिन्यात त्याच पत्राला पहिल्या पानावर माफी मागावी लागली. त्या माफीनंतरही ती अफवा अमेरिकेतील चावडीवर जिवंत आहे.

‘स्वतंत्र’ चौकशी

चौकशीसाठी लीगने टेड वेल्स या वकिलाची नेमणूक केली आणि चौकशी स्वतंत्र असल्याचा डांगोरा पिटला. पॅश यांनी अहवालाचा मसुदा वाचून त्यावर सूचना केल्या, हे पुढे अपिलाच्या सुनावणीत निघाले. वेल्स यांच्याच वकिली कार्यालयातील भागीदाराने त्या सुनावणीत लीगची बाजू मांडली आणि ब्रेडीची उलटतपासणी घेतली. सकाळी न्यायाधीशाचा झगा, संध्याकाळी फिर्यादीचा!

शास्त्रीय भाग एक्स्पोनेंट या कंपनीकडे सोपवला गेला. दुसऱ्याच्या विडीच्या धुराने कर्करोग होतो, या निष्कर्षावर शंका घेणारी कामे याच कंपनीने तंबाखू उद्योगासाठी केली होती. आता शाळेतला विद्यार्थीही जाणतो की, उबदार खोलीत भरलेली हवा थंडीत नेली की तिचा दाब उतरतो. त्या रात्री मैदानावर सुमारे 48 अंश फारेनहाइट तापमान होते. अहवालातीलच गणिताप्रमाणे, कोणी हात न लावताही चेंडूतील दाब 11.32 ते 11.52 पर्यंत उतरला असता. एका मापकाची सरासरी 11.49 आली, दुसऱ्याची 11.11. सामन्यापूर्वी कोणते मापक वापरले होते? मुख्य पंचाच्या आठवणीप्रमाणे पहिले. इतर सर्व बाबतींत पंचाची स्मरणशक्ती विश्वसनीय मानणाऱ्या अहवालाने या एकाच मुद्द्यावर ती नाकारली. कारण ती मान्य केली असती तर गुन्हाच शिल्लक राहत नव्हता.

गंमत अशी की, या गणिताचे वाभाडे काढले ते एखाद्या डाव्या प्राध्यापकाने नव्हे, तर अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या मक्तेदारांच्या लाडक्या उजव्या संस्थेने, जून 2015 मध्ये. कोल्ट्सचे चेंडू उशिरा मोजल्यामुळे खोलीत तापून वर आले होते, एवढी साधी गोष्ट तिने दाखवून दिली. पुढे एकवीस प्राध्यापकांनी न्यायालयात निवेदन देऊन वायूचे नियम समजावून सांगितले.

संशयाला जागाच नव्हती असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. पंचांच्या खोलीतील एक मदतनीस सामन्यापूर्वी चेंडूंची पिशवी घेऊन शौचालयात शिरला आणि 1 मिनिट 40 सेकंद आत राहिला. चेंडूंची देखभाल करणाऱ्या सहकाऱ्याशी झालेल्या जुन्या संदेशांत त्याने थट्टेने स्वतःला ‘हवा काढणारा’ म्हटले होते. ब्रेडीने आपला जुना दूरध्वनी नष्ट केला, हेही खरे. परंतु यावरून अहवालाने काय निष्कर्ष काढला? मदतनिसांनी हवा काढली असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे, आणि ब्रेडीला त्याची निदान सर्वसाधारण कल्पना असण्याचा संभवही तसाच. एवढ्या पातळ पायावर 11 मे रोजी शिक्षा उभी राहिली: ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड, दोन वर्षांतील दोन निवडी जप्त.

पहिला बळी

वृत्तपत्रांनी ब्रेडीच्या बंदीवर रकाने भरले. त्या दोन मदतनिसांवर मात्र चार ओळी आल्या. त्यांतला एक तर सामन्यांपुरता कामावर येणारा अर्धवेळ माणूस. 6 मे रोजीच दोघांना बेमुदत, बिनपगारी निलंबित करण्यात आले. आणि लीगच्या परवानगीखेरीज त्यांना परत घेता येणार नाही असे बजावण्यात आले. त्यांना संघटना नव्हती, अपील नव्हते, खटला लढवायला पैसा नव्हता. सप्टेंबरमध्ये परतीची परवानगी मिळाली, तीही चेंडूला हात न लावण्याच्या अटीवर.

आणि संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट? जानेवारीत त्यांनी छाती पुढे काढून लीगने माफी मागावी असे सुनावले होते. 19 मे रोजी मालकांच्या बैठकीत त्यांनी शिक्षा मुकाट स्वीकारली. 32 संघांचे हित एका संघाहून मोठे, अशी त्यांची भाषा होती. कमिशनर रॉजर गुडेल यांचा पगार ठरवणाऱ्या मालकांच्या समितीतच ते बसत होते; 2012 च्या एका वर्षात तो पगार चार कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर गेला होता. जुलैमध्ये क्राफ्टनी लीगवर विश्वास ठेवल्याबद्दल चाहत्यांपाशी खेद व्यक्त केला. तोवर त्यांचा खेळाडू आणि त्यांचे दोन नोकर वाऱ्यावर सोडलेले होते. मालक मालकाशी भांडतो ते नफ्याच्या वाटपावरून. नोकराला शिस्त लावण्याच्या हक्कावर त्यांची एकजूट अभेद्य असते.

खेळाडूंची संघटना मात्र लढली. 3 सप्टेंबर 2015 रोजी न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली. अशा वर्तनाला अशी शिक्षा होते याची पूर्वसूचना नव्हती, पॅश यांची साक्ष घेऊ दिली नाही, तपासाची कागदपत्रे दाखवली नाहीत, ही त्यांची कारणे. खटल्यामुळेच गुडेल यांच्यासमोरील सुनावणीचा पूर्ण वृत्तांत जगापुढे आला. परंतु 25 एप्रिल 2016 रोजी वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बंदी पुन्हा लादली. संघटनेने 2011 च्या करारात कलम 46 मान्य केले आहे, त्यात कमिशनरला हे अधिकार आहेत, लवाद कितीही सदोष असला तरी न्यायालय त्यात पडणार नाही, हा बहुमताचा युक्तिवाद. मुख्य न्यायाधीश कॅट्झमन यांनी विरोधी मत नोंदवले.

करारावर सही केली ना, मग तक्रार कसली, असे भांडवली वृत्तपत्रांचे अग्रलेखकार त्यावेळी साळसूदपणे विचारीत होते. तो करार कोणत्या परिस्थितीत झाला हे ते सांगत नव्हते. 2011 मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत, साडेचार महिने, मालकांनी टाळेबंदी केली होती. टाळेबंदीच्या दाराशी झालेली सही कितपत स्वेच्छेची असते, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. इंदूर असो, बडोदा असो वा भिलाई, आरोपपत्र व्यवस्थापकाने द्यायचे, चौकशी अधिकारी म्हणून त्याच्याच वकिलाने बसायचे, आणि कामगाराने ‘नैसर्गिक न्याय’ मिळाल्याच्या कागदावर सही करायची, हा शिरस्ता आपल्याकडेही जुना. बडतर्फीची शिक्षा अवाजवी असेल तर ती बदलण्याचा अधिकार औद्योगिक न्यायाधिकरणाला देणारे कलम 11अ औद्योगिक विवाद कायद्यात आले ते 1971 मध्ये. तोवर आपल्याकडची न्यायालयेही चौकशीच्या बाह्य रूपापलीकडे सहसा जात नव्हती.

म्हणूनच अमेरिकेतील कामगार संघटनांचा महासंघ एएफएल-सीआयओ मे 2016 मध्ये फेरविचाराच्या मागणीच्या बाजूने न्यायालयात उतरला. ब्रेडीच्या मोठेपणासाठी तो उतरला नव्हता. लवाद मालकाचा माणूस असला तरी चालतो, हा पायंडा गोदीत आणि खाणीत उद्या कोणाच्या मानेवर बसेल, याची त्याला जाण होती. फेरविचार नाकारला गेला आणि जुलैमध्ये ब्रेडीने लढा सोडला. 2020 च्या करारात वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांची पहिली सुनावणी दोन्ही पक्षांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेली. अपील मात्र पुन्हा कमिशनरच्याच हाती राहिले.

चाहत्यांचा संताप

या सर्व काळात चाहते काय करीत होते? ते एकमेकांशी भांडत होते. मॅसाच्युसेट्सबाहेर पेट्रियट्सला ‘चीट्रियट्स’ म्हणून हिणवणे हा राष्ट्रीय करमणुकीचा विषय झाला. बोस्टनमधील प्लंबर आणि शिक्षिका रातोरात वायूच्या नियमांचे अभ्यासक बनले. ‘ब्रेडीला मुक्त करा’ म्हणून मैदानाबाहेर मेळावा भरला. 12 मे रोजी न्यूयॉर्कमधील लीगच्या कार्यालयात ठिय्या देणाऱ्या चौघांना हातकड्या घालून नेण्यात आले. सात चाहत्यांनी जप्त केलेली निवड परत मिळावी म्हणून लीगवर दावा लावला. गुडेल यांच्या चेहऱ्यावर विदूषकाचे लाल नाक चढवलेले सदरे हातोहात खपले. आणि कळस म्हणजे संघाचा दहा लाखांचा दंड भरण्यासाठी एका चाहत्याने वर्गणी गोळा करण्यास सुरुवात केली. अब्जाधीश मालकाच्या दंडासाठी पगारदार माणसाची वर्गणी!

यावर हसणे सोपे आहे. परंतु तो संताप खोटा नव्हता. ज्या शहरांतून कारखाने गेले, संघटना खिळखिळ्या झाल्या, तेथे रविवारचा संघ ही माणसाला आपली म्हणता येईल अशी उरलेली एखादी गोष्ट असते. मालकाला तो धंदा आहे, चाहत्याला ते गाव आहे. इंडियानापोलिसच्या चाहत्याला वाटले, आपल्याला फसवले. बोस्टनच्याला वाटले, आपल्याला बदनाम केले. दोघांनाही तसे वाटायला लावणारा आकडा एकाच इमारतीतून निघाला होता, हे मात्र दोघांच्या भांडणात कोठेच आले नाही. दोघांनीही तिकिटे घेतली, सदरे घेतले, वाहिनीचे पैसे भरले. 5 फेब्रुवारी 2017 रोजी ह्यूस्टनला पेट्रियट्सने अंतिम सामना जिंकल्यावर चषक देण्यास आलेल्या गुडेल यांना प्रेक्षकांनी असे काही हुर्यो केले की भाषणातले शब्द ऐकू येईनात. हा आवाज मात्र योग्य दिशेला गेला.

आणि याच महिन्यांत दुसरे काय घडत होते? 22 एप्रिल 2015 रोजी, वेल्स अहवालाच्या दोन आठवडे आधी, फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने हजारो निवृत्त खेळाडूंच्या मेंदूच्या इजांबाबतच्या तडजोडीला अंतिम मान्यता दिली. डोक्यावरच्या आघातांनी स्मृती गेलेली, चाळिशीत म्हातारी झालेली माणसे. या धोक्याचा अभ्यास करण्यासाठी लीगने 1994 मध्ये समिती नेमली होती, आणि त्या समितीने वर्षानुवर्षे धोका नाकारला. खेळाडूंच्या डोक्यातील रक्तस्रावापेक्षा चेंडूतील हवा महत्त्वाची ठरवण्याचे काम ज्या पत्रकारितेने केले, तिला या तडजोडीवर शंभर दिवस खर्च करावेसे वाटले नाहीत. त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये रे राइस या खेळाडूने आपल्या वाग्दत्त वधूला लिफ्टमध्ये मारल्याची चित्रफीत बाहेर आली होती. त्या गुन्ह्याला गुडेल यांनी प्रथम दिलेली शिक्षा होती दोन सामन्यांची. कणखरपणाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यांना दुसरे एखादे प्रकरण हवे होते, असा तर्क त्यावेळी अनेकांनी केला.

2015 च्या मोसमात लीगने मोठा गाजावाजा करून काही सामन्यांत मध्यंतराला चेंडू मोजण्याची पद्धत सुरू केली. थंडीत दाब आपोआप किती उतरतो, हे ठरवायला याहून चांगला पुरावा नव्हता. फेब्रुवारी 2016 मध्ये गुडेल यांनी सांगितले की, नियमभंग आढळला नाही आणि ती केवळ नमुना तपासणी होती. आकडे मात्र प्रसिद्ध झाले नाहीत. पत्रकार माइक फ्लोरिओ यांनी 2022 मध्ये आपल्या पुस्तकात लिहिले की, पॅश यांच्या आदेशावरून ते आकडे पुसून टाकण्यात आले. 2007 च्या चित्रफितींचेही तेच झाले होते.